आबांच्या गाडीतला तो पार्ट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलीला नाही, ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं सकाळचा चहा पितो त्या मित्रालाही नाही. बायकोला सांगावं लागलं नाही — ती तिथेच होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची माझी ओळख नाही. ओळखीचा माणूस समोर आला की मी घासाघीस सुरू करतो. एवढं कबूल करतो, तेवढं सोडून द्या — असं. तुमच्याशी तसं करायचं नाही, हे ठरवूनच लिहायला बसलोय.

शिरूरकडचे असाल तर एक गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. ‘दत्तूशेठनं दिवा मोजून चोर पकडला.’ तो दत्तूशेठ म्हणजे मी. माझे जावई ही गोष्ट फार रंगवून सांगतात. मागच्या महिन्यात एका साखरपुड्यात त्यांनी ती पंगत उठेपर्यंत सांगितली. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मीही हसलो. घरी येताना सुमन, माझी बायको, खिडकीबाहेर बघत होती. एवढंच म्हणाली, “जावयाला तरी खरं सांगा.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी गाडी चालवत राहिलो. पण ते वाक्य काही गप्प बसेना.

आधी मी कसा माणूस आहे ते सांगतो. तळेगाव ढमढेरे ते शिरूर चालणाऱ्या जीपवर मी क्लीनर होतो, मागच्या पायरीवर लटकून. पुढे एक मोडकी जीप घेतली, दुरुस्त केली, विकली. मग दोन घेतल्या. तिशीत शिरूरच्या बाहेर रस्त्याला लागून माझी जागा झाली — पुढे जुन्या गाड्यांची पत्र्याची शेड, मागे घर. मला कोणी काही दिलेलं नाही. नववीपर्यंतची शाळा आणि ही जीभ, एवढ्यावर कमावलं. गाडी विकत घेताना मी आधी बोनेट उघडत नसे, आधी मालकाचा चेहरा बघत असे. याला घाई किती आहे? ते कळलं की निम्मा सौदा झाला. आणि राग — तो तर नाकाच्या शेंड्यावर. रागाचाही उपयोग होतो, हे मी लवकर शिकलो. आवाज चढवला की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही.

आता रफिकभाई. शिरूरात त्यांचं गॅरेज होतं, वडिलांपासून चालत आलेलं. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे. तेव्हा मी त्यांना ‘रफिक’ म्हणायचो, अरे-तुरे करायचो. आज भाई म्हणतोय. काय उपयोग त्याचा?

तळेगावच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. एका भाजीच्या व्यापाऱ्याला मी जीप विकत होतो. बैलाचा सौदा करतात तसा रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून आमचा भाव चालला होता. दोन बोटांचा फरक उरला होता. व्यापाऱ्याने गाडी बघायला रफिकभाईंना आणलेलं. त्यांनी दाराच्या रबराखालून एक बोट फिरवलं, खाली वाकून बघितलं आणि चार माणसांत बोलले, “ह्यो दरवाजा ह्या जीपचा न्हाई. चेसीबी मधी जोडल्याली हाय.”

रुमालाखालचा हात निघून गेला. बाजूचा कांदेवाला म्हणाला, “दत्तूशेठ, दोन जीपांचं लगीन लावलं व्हय?” सगळे हसले. पुढचे कितीतरी बाजार मला ‘लगीनवाले शेठ’ म्हणत होते.

आणि मला ते माहीतच नव्हतं! ती जीप मलाच तशी गळ्यात मारलेली. बाजूला घेऊन मला सांगता आलं असतं — शेठ, गाडी जोडलेली आहे, तुम्ही फसलात. आलं असतं की नाही? आजही मला वाटतं, सांगायला हवं होतं. हा कबुलीजबाब आहे म्हणून मी ते गिळणार नाही. तो सल अजून आहे. पण सल आहे म्हणून काय करायचं, हा प्रश्न वेगळा. मी काय केलं ते सांगतो.

नवं शतक लागलं आणि गाड्या बदलल्या. पेट्रोल गाड्यांचा कार्बोरेटर गेला, इंजिनाला छोटा कंप्युटर आला. स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा आला. तो लागला की आमच्याकडचे मेकॅनिक हात वर करत — पुण्याला न्या. मला तिथे वाट दिसली. पुण्यातल्या एका वर्कशॉपमधल्या कामगाराकडे चार पानांची झेरॉक्स होती. डॅशबोर्डखाली एक कनेक्टर असतो; त्याच्या ठरावीक दोन भोकांत वायरचा तुकडा खोचायचा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवायची, की तोच दिवा लुकलुकायला लागतो. आधी दशकाचा आकडा, जरा थांबून एककाचा. एकदा, थांबून दोनदा — बारा. बारा म्हणजे काही बिघाड नाही. एकदा, थांबून चारदा — चौदा. चौदा म्हणजे इंजिनाचं पाणी किती तापलंय ते सांगणारा सेन्सर बिघडला. अशी यादीच होती. गाडी स्वतःचं दुखणं स्वतः सांगते! ती झेरॉक्स मी जीपचे दोन जुने टायर देऊन घेतली. त्यातला एक आतून फाटलेला होता, ते मी सांगितलं नाही.

माझं इंग्रजी जेमतेम. सुमन दहावी झालेली. डिक्शनरी घेऊन अर्थ तीच लावायची. घराच्या ओट्यासमोर गाडी उभी करायची, उन्हात दिवा दिसावा म्हणून काचेवर गोणपाट टाकायचं. मी डॅशबोर्डखाली वाकून वायर धरायचो आणि ती शेजारच्या सीटवर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढायची. “एक… थांबला… एक दोन तीन चार.” तिचं मोजणं कधी चुकलं नाही. आमचे ते दिवस चांगले होते. लोक लांबून बघायला यायचे. दत्तूशेठची बायको गाडीची पत्रिका मांडते, असं म्हणायचे.

तीन पानं आम्ही नीट लावली. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत नुसता मजकूर होता. आकडे तर कळले — अजून काय पाहिजे? ते पान तसंच ठेवलं.

मांडवगण फराट्याचे सर्जेराव आबा तेव्हा मोठं प्रस्थ. बागायत मोठी, सोसायटीत शब्द चालायचा. आबा म्हणतील त्या गॅरेजला आजूबाजूच्या गावांतले ट्रॅक्टर आणि जीपा जायच्या, आणि आबा रफिकभाईंचं नाव घ्यायचे. आबांच्या नव्या गाडीला त्रास सुरू झाला. सकाळी चालू होईना, पेट्रोल भसाभसा पिऊ लागली, मागून काळा धूर. रफिकभाईंकडे माझ्यासारखी झेरॉक्स नव्हती. त्यांनी नुसत्या मीटरने आणि अनुभवाने ओळखलं की पाण्याचा सेन्सर गेलाय. पुण्याहून नवा मागवून बसवला. आणि आमच्याकडे इमानी मेकॅनिक करतो तसं, जुना पार्ट नव्याच्या डब्यात घालून मालकाच्या हातात दिला. म्हणजे मालकाची खात्री पटावी.

आठवड्याने, एका रविवारी सकाळी आबा माझ्याकडे आले. तक्रार काहीच नव्हती. गंमत म्हणून आले.

“दत्तू, गाडी झ्याक चाललीया. पन तुझ्या त्या वायरीचं लई ऐकतोय. लाव बरं, काय म्हंती बघू.”

मी वायर लावली. सुमनने रेघा ओढल्या. एक आणि चार. परत एक आणि चार. तीनदा.

चौदा!

खरं सांगू? मला आनंद झाला. गाडी झ्याक चालली आहे, हे आबांनी आत्ताच सांगितलेलं — मग बिघाड कसा असेल, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. की येऊ दिला नाही?

“आबा, सेन्सर बदलल्यालाच न्हाई.”

“आरं, त्यानं जुना पार्ट डब्यात घालून दिलाय माझ्याकडं.”

“डबा नव्याचा. आत भंगारातला कुठलाबी घातला. नवा गेला दुसऱ्याच्या गाडीत. आज चालतीया, पंधरा दिसांनी बघा.”

बघा, कसं केलं मी. ज्या डब्याने त्यांचा प्रामाणिकपणा दिसत होता, त्याच डब्याची मी चोरीची खूण केली. आबांचं तोंड लाल झालं. गाडी माझ्याकडेच ठेवून ते दुसऱ्याच्या जीपमध्ये बसले. “त्याला घेऊनच येतो,” म्हणाले.

इथपर्यंत ती चूक होती. द्वेषाने केलेली, पण चूक. मला खरोखर तसं वाटत होतं. हे लिहिताना हात इथेच थांबू पाहतोय — इथे थांबलं तर मी बराच बरा माणूस दिसतो. पण थांबणार नाही.

आबा गेल्यावर मी बोनेट उघडलं. जुना पार्ट काढून चार माणसांत दाखवायचा, बाजारातल्या त्या दिवसाची फेड करायची, असा बेत. वाकून बघितलं तर सेन्सर नवाकोरा. पितळ चकचकीत, आट्यांवर पांढरी टेप ताजी, आजूबाजूला पुसून स्वच्छ केलेलं. शंकेला जागाच नाही.

मी ओट्यावर बसलो. सुमनला म्हणालो, ते चौथं पान वाच. तिने बोट ठेवून ठेवून वाचलं. बिघाड दुरुस्त झाला तरी आकडा गाडीच्या मेमरीत राहतो. बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली की पुसला जातो.

मी उठलो, बॅटरीची एक वायर काढली, मनात शंभर मोजले, परत लावली. सुमन गाडीत बसली. एक… थांबला… दोन. एक… थांबला… दोन. बारा.

तिने माझ्याकडे बघितलं. “आवो, म्हंजी रफिकभाईंचं काम बरोबरच हाय की. तो जुना आकडा व्हता. आबांना लगेच निरोप धाडा.”

घरात फोन होता. आबांच्या घरचा नंबर मला पाठ होता. एक वाक्य सांगायचं होतं — आबा, माझी चूक झाली. किती लहान वाक्य! आबा हसले असते, चार दिवस माझी थट्टा झाली असती, आणि संपलं असतं. पण ती थट्टाच मला दिसत होती. पुन्हा तो बाजार, पुन्हा तो कांदेवाला. दिवा मोजणारे शेठ दिवा चुकले! मी सुमनला म्हणालो, “तुला काय कळतंय त्यातलं? आत जा.”

दुपारी आबा आले. बरोबर रफिकभाई आणि आणखी चार-पाच जण. रफिकभाई कामावरून तसेच आलेले, हाताला ऑइल, खांद्यावर फडकं. आवाज चढलेला नव्हता.

“शेठ, गैरसमज झालाय कायतरी. माझ्यासमोर खोला. पार्ट बघू. मग काय बोलायचं ते बोला.”

बोनेट उघडलं असतं तर नवा पार्टच दिसला असता. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि तेव्हा मी जे बोललो, ते आयुष्यात इतक्या चटकन कधी सुचलं नसेल.

“खोलून झालंय. जुनाच व्हता. मी फेकला त्यो. माझ्याकडचा नवा टाकलाय. वायर लावा आन् बघा आबा, दिवा आता बारा दावतोय.”

कळलं ना तुम्हाला? त्यांनी बसवलेला नवा पार्ट मी माझा म्हणून सांगितला. त्यांच्या खरेपणाचा जो एकच पुरावा होता, तो मी त्यांच्याच डोळ्यांदेखत चोरला. चोर मी होतो, आणि गोष्टीत चोर ते झाले.

रफिकभाई गाडीजवळ गेले, बोनेट उघडून वाकले, पार्टाकडे बघत राहिले. “शेठ, ह्यो मी लावल्याला हाय. ही टेप माझ्या हातची हाय.”

“टेप काय तू एकलाच गुंडाळतो व्हय?” मी म्हणालो. कोणीतरी हसलं.

मग त्यांनी गाडीखाली बघितलं. “खोलला म्हंता, तर हिरवं पाणी सांडाया पायजे. डाग ऱ्हातो त्याचा. कुठं हाय डाग?”

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. तो सेन्सर काढला की कूलंट सांडतंच, आणि माझ्या ओट्यासमोरची फरशी कोरडी ठणठणीत होती. कोणी खाली वाकून दोन मिनिटं बघितलं असतं तरी संपलं असतं. म्हणून मी ओरडलो. माझ्या दारात येऊन मला खोटं पाडतोस? आबांनी एवढा विश्वास टाकला त्याचं हे केलंस? असं बरंच. शिव्याही दिल्या. आबांनी दिवा बघितला, बारा बघितलं, आणि मला विचारलं, “पार्टाचं किती द्यायचं?”

“तुमच्याकडनं काय घ्यायचं आबा? ऱ्हाऊ द्या.”

माझ्यासारखा माणूस पैसे नको म्हणतो म्हटल्यावर खोटं कोण म्हणणार? ते वाक्य मी मुद्दाम बोललो. सौद्यात कुठे सोडायचं, ते मला कळतं.

रफिकभाईंनी एकदा दाराकडे बघितलं. दारात सुमन उभी होती. त्यांना वाटलं असेल, वहिनी मोजायला असतात, त्या तरी बोलतील. सुमनने पदर सारखा केला आणि आत गेली. तिला आत मी पाठवलं होतं, सकाळीच. त्यानंतर तिने माझ्यासाठी कधी रेघा ओढल्या नाहीत. मला जमत नाही आता, म्हणाली.

मेमरीची गोष्ट रफिकभाईंना माहीत नव्हती. आमच्या भागात ती तेव्हा दोघांनाच माहीत होती — मला आणि माझ्या बायकोला, फार तर तीन तासांपासून.

पुढचं हळूहळू घडलं. आबांचे ट्रॅक्टर थांबले, मग सोसायटीतल्यांचे, मग जीपा. मेकॅनिकवर ‘पार्ट बदलतो’ हा शिक्का बसला की तो जात नाही. दारू पितो, उशीर करतो, सगळं चालतं. पार्ट बदलतो हे चालत नाही. वर्षाच्या आत वडिलांपासूनच्या गॅरेजला कुलूप लागलं. ते घरच्यांना घेऊन दौंडला गेले आणि दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये कामाला लागले. माझं उलट झालं. कंप्युटरवाले शेठ म्हणून नाव झालं. पुढे खरी मशीन आली, वायरीची गरज राहिली नाही, पण नाव राहिलं.

मी दौंडला एकदा गेलो होतो. सांगायचंच म्हणून गेलो होतो. भांडगावपर्यंत वाक्यं जुळवत होतो. गॅरेजसमोर गाडी लावली, तर रफिकभाई स्वतःच पुढे आले. केस पांढरे झालेले. ओळखलं, पण चेहऱ्यावर काही आणलं नाही.

“बोला शेठ. काय त्रास हाय गाडीला?”

आणि मी म्हणालो, ब्रेक वाजतायत. वाजत नव्हते. त्यांनी चाक खोललं, साफ केलं, बसवलं. मजुरी सांगितली. आणि मी — मी म्हणालो, जास्त होतात, कमी करा. तोंडातून आपोआप गेलं. मुद्दाम नाही, पण गेलं.

“तुमी म्हनाल ते द्या,” ते म्हणाले आणि हात पुसत आत गेले.

मी परत आलो. त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

आबा भेटले की हमखास म्हणायचे, “दत्तू, तुझा पार्ट अजून दगा देईना.” मी मान हलवायचो. त्यांनी ती गाडी पुढे पुष्कळ वर्षं चालवली. आबा गेले, त्यांना खरं कळलं नाही. कळू देणं माझ्या हातात होतं, दर भेटीत होतं.

मी स्वतःला काय काय सांगून बघितलं! त्यांनी बाजारात माझं नाक कापलं. दौंडला त्यांचं बरं चाललंय. मी नाही तर दुसऱ्या कोणी त्यांना बुडवलंच असतं. या सगळ्याला भाव नाही. बाजारात ते जे बोलले ते खरं होतं. माझ्या ओट्यासमोर मी जे बोललो ते खोटं होतं.

जावई हे वाचतील. आबांची मुलं वाचतील. लिहून झालं की एक प्रत दौंडला त्या गॅरेजमध्ये मी स्वतः नेऊन देणार आहे. रफिकभाईंनी ती वाचावी, फाडावी, चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवावी — त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आबांच्या गाडीत तो सेन्सर रफिकभाईंनी बसवला होता. नवा होता. मी त्याला हातही लावला नव्हता. आणि हे मला त्या रविवारी दुपारी, ते माझ्या दारात उभे असताना, पूर्ण माहीत होतं.